चॅटिंग म्हणजे काय गं?

"अगं, तू इंग्रजीची मास्तरीण ना? मग चॅटिंग म्हणजे नेमकं काय ते सांग बघू."

अक्काचा फोन सकाळी सहाला आला की माझ्या पोटात गोळा येतो. त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं, कुणी पडलं नव्हतं, तरी आवाज तसाच होता. दिवाळीला पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला, अक्कानं उचलून बघितला आणि एका मुलाचं नाव दिसलं. विचारल्यावर भाचीनं सरळ सांगितलं, "ऑफिसातला मित्र आहे आई. नुसतं चॅटिंग गं."

हा 'नुसतं' शब्द अक्काला फार लागला. ही २०२३ च्या दिवाळीतली गोष्ट.

माझं उत्तर शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं होतं. म्हटलं, "अक्का, चॅट म्हणजे गप्पा. हलकंफुलकं बोलणं. त्यात वाईट काही नाही."

"गप्पा मारायला तीन वर्षं लागतात व्हय गं?"

यावर मास्तरणीकडं उत्तर नव्हतं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण 'चॅट' हा शब्द मी कधी मन लावून शिकवलाच नाही. चार अक्षरांचं स्पेलिंग, अर्थ एका शब्दात, पुढचा शब्द. आता घरातल्या दोन बायकांचं बोलणं त्या शब्दापायी बंद झालं, तेव्हा कपाटातले जाडे शब्दकोश खाली काढले.

वाचकहो, शब्द मोठा मजेशीर निघाला. चॅट हे चॅटर या थोरल्या शब्दाचं धाकटं रूप. आणि चॅटर म्हणजे मूळची पाखरांची किलबिल. आवाजावरून शब्द झाला, आपल्या 'चिवचिव'सारखा. साधारण १५व्या शतकात त्याचं आखूड रूप माणसांच्या बोलण्याला लागलं. इंग्रजीत काही पाखरांच्या नावातच चॅट आहे. त्यातलं स्टोनचॅट नावाचं एक हिवाळ्यात आपल्या शेतांत, कुंपणांवर येऊन बसतं. दगडावर दगड टकटकवावा तसं ते बोलतं, म्हणून ते नाव. आमच्या मराठी पक्षीमित्रांनी त्याला काय नाव दिलं असेल? गप्पीदास! काळा-पांढरा असेल तर कवडा गप्पीदास. ज्यानं कुणी हे नाव पहिल्यांदा घातलं त्याच्या पाया पडावं असं मला वाटतं. चॅटचं याहून चांगलं भाषांतर कुठल्याच कोशात नाही.

तर चॅट म्हणजे पाखरांचं बोलणं. ज्याला ओझं नाही, ठराव नाही, शेवटी सही नाही. इंग्रज माणूस 'जरा चॅट करू या' म्हणतो तेव्हा तो तुम्हाला सांगत असतो की घाबरू नका, विशेष काही नाही. म्हणूनच तिकडचे साहेब कुणाला नोकरीवरून काढायचं असेल तरी आधी चॅटलाच बोलावतात म्हणे. आमचे एक हेडमास्तरही खोलीत बोलावताना हाच शब्द वापरायचे, आणि तो ऐकला की नवीन शिक्षकाचे पाय लटपटत.

आणि अक्काचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता, हेही कबूल करायला हवं. चॅटला पुढं 'अप' जोडलं की इंग्लंडात त्याचा अर्थ होतो गोड बोलून समोरच्याला गटवू बघणं. एवढंसं शेपूट, पण अर्थ पार बदलला. मागं 'बॅक' लावलं तर उलट उत्तर, जे भाचीनं त्या दिवाळीत बरंच दिलं. आणि चिट-चॅट म्हणजे गप्पाटप्पा. जोड शब्द करायची ही खोड सगळ्या भाषांना दिसते. मराठीत जेवण-बिवण, चहा-बिहा. कन्नडात तेच काम 'गि' करतो, ऊटा-गीटा, मातु-गीतु. आमच्या घरात दोन्ही चालायचं. वडील विचारायचे, "काही बोलणं-बिलणं झालं का?" आणि त्याच गोष्टीला आई, गोकाककडची, म्हणायची, "मातु-गीतु आतेनु?" आम्हा पोरींना 'बि' आणि 'गि' दोन्ही जन्मापासून पाठ.

गप्पा हा शब्दही मूळचा आपला नव्हेच, फारसीतल्या 'गप'वरून आला असं मानतात. आणि गंमत बघा, 'गप्पा' म्हणजे बोलणं आणि 'गप्प' म्हणजे न बोलणं. परक्या माणसानं मराठी शिकावी कशी! कन्नडात रिकाम्या गप्पांना हरटे म्हणतात, आणि आपण जशा गप्पा 'मारतो' तशी ते हरटे 'होडितात', म्हणजे मारतातच. सीमेच्या अलीकडं काय नि पलीकडं काय, आपल्या लोकांना बोलणंसुद्धा मारल्याशिवाय होत नाही.

हे सगळं मी अक्काला फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाखरांचं राहू दे. पोरगं कुठलं?"

पोरगं निघालं जामसांवलीजवळचं.

आता बेळगाव-चिकोडीकडच्या माणसाला जामसांवली कुठून माहीत असणार? नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्यानं सावनेर ओलांडलं की महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेशातला सौंसर तालुका लागतो. नागपूरपासून साधारण ७० किलोमीटर. जामसांवली तिथलंच. आधी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर आले. सगळा संत्र्यांचा मुलूख. आणि घराघरात मराठी.

"मध्य प्रदेशात मराठी?" दाजींनी विचारलं. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. त्यांचं घरही अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी म्हटलं, "दाजी, कर्नाटकात मराठी असते तशी." जुन्या मध्य प्रांतात मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांचा कारभार होता. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि हा तुकडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी आपण म्हैसूर राज्यात गेलो. म्हणजे एकाच तारखेला दोन घरांच्या भिंती हलल्या. एक दक्षिणेला, एक उत्तरेला. एवढं ऐकल्यावर दाजी म्हणाले, "मग ती आपलीच माणसं की ओ." अक्का काही बोलली नाही. तिचा भाचीशी अबोला चालूच होता.

'अबोला' हा शब्द मात्र इंग्रजीत शोधून सापडला नाही. त्यांना त्यासाठी अख्खं वाक्य लागतं. हिंदीत बोलचाल बंद, कन्नडात मातु बिट्टिद्दारे, म्हणजे बोलणं सोडलंय. मराठीनं मात्र त्याचं नाम केलं, त्याला 'धरायला' लावलं, वर एका फुलाला जवळजवळ तेच नाव दिलं. अबोली. कन्नडात तिला कनकांबर म्हणतात. अक्काच्या परसात दोन्ही नावांची एकच रांग आहे, आणि त्या हिवाळ्यात मायलेकींचं वागणं त्या फुलासारखंच होतं, रंग आहे आणि वास नाही.

दोन्ही घरांनी भेटायचं कुठं यावर बराच खल झाला. आमच्याकडं बोलवावं तर गावात आधीच चर्चा. त्यांच्या घरी जावं तर मुलीकडचेच आधी गेले असं होतं. मग मुलाच्या आईकडून निरोप आला, जामसांवलीच्या हनुमानाच्या देवळात भेटू, तिथं कुणाचंच घर नाही. मला ही सूचना फार शहाणपणाची वाटली. त्यामागं आणखी काही होतं हे तेव्हा कळलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही गेलो. अक्का, दाजी आणि मी. भाची पुण्याहून थेट नागपूरला आली. नागपूरहून गाडी केली. सावनेरनंतर पाट्या बदलल्या आणि दाजींनी मान डोलावली. कोगनोळीच्या नाक्यापुढं पाट्या बदलताना बघून बघून आमचे डोळे तयार झालेत. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग होते, मृग बहाराचे. गाडी थांबवून विचारलं तर बाई म्हणाली, "घ्या ना बाप्पा, गोड हायेत." पाटी हिंदी आणि बोलणं मराठी. अक्का पहिल्यांदा थोडी हसली.

जामसांवलीचा मारुती उभा नाही. तो आडवा आहे, पिंपळाखाली निजलेला. तिथं सांगतात, मूर्ती आधी उभीच होती. खाली पुरलेलं धन न्यायला चोर आले तेव्हा देव त्यावर आडवा झाला. नाभीतून येणारं पाणी लोक तीर्थ म्हणून नेतात. मंगळवार-शनिवारी गर्दी असते, आम्ही मुद्दाम मधला वार धरला होता. २०२३ साली तिथं 'हनुमान लोक' नावाच्या मोठ्या बांधकामाची पायाभरणी झाली होती, त्याचं सामान दिसत होतं. अक्का हात जोडून म्हणाली, "हणमप्पा, आमच्याकडं तू उभा असतोस. इथं निवांत पडलास होय?"

मंडळी आधीच येऊन थांबली होती. मुलाचे वडील बागाईतदार, आई, एक काका आणि तो मुलगा. सतरंजी अंथरलेली, स्टीलच्या डब्यात चिवडा, पिशवीत संत्री. मुलाच्या वडिलांनी बोलण्याला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला घोटाळा झाला.

"आता लपवायचं काय जी," ते म्हणाले, "आमच्या पोराची न तुमच्या पोरीची तीन वर्सापासून बोलचाल हाये. आमाले सगळं मालूम हाये."

अक्काचा चेहरा पडला. ती माझ्या कानाशी आली. "तीन वर्षं बोलाचाली करायलेत? मग लग्न कशाला करायलेत?"

आपल्याकडं बोलाचाली म्हणजे भांडण. शाब्दिक बोलाचाली झाली आणि प्रकरण हातघाईवर आलं, अशी बातमी आपण पेपरात वाचतो. हिंदीच्या शेजारानं तिकडं बोलचाल म्हणजे साधं बोलणंचालणं, घरोबा. मी हे समजावून सांगितल्यावर सगळे हसले आणि वातावरण जरा सैल झालं. पण घोटाळे संपले नाहीत. काका म्हणाले, "मंग आमच्याकडून बात पक्की समजा." अक्काच्या डोक्यात 'बाता', म्हणजे थापा. तिनं दाजींकडं बघितलं. दाजी तिला कन्नडात म्हणाले, "मात मुगीत अन्नाकत्यार," म्हणजे बोलणं पुरं झालं, ठरलं असं म्हणतायत. ते ऐकून मुलाचे वडील चपापले, "मात? कोणाची मात झाली जी?"

त्यांना बुद्धिबळातली मात आठवली. मग दाजींनी त्यांना समजावलं की कन्नडात मातु म्हणजे बोलणं, आणि मातु म्हणजे दिलेला शब्दसुद्धा. मला राहवलं नाही, मीही मास्तरकी केली. म्हटलं, आपल्या जुन्या मराठीतही 'मात', 'मातु' होता, संतांच्या ग्रंथांत बोलणं, हकिगत या अर्थानं येतो. आपण तो विसरलो, कन्नडानं सांभाळला. आज आपल्याकडं उरली ती शह-मातेतली मात, ती वेगळी, बाहेरून आलेली. काका म्हणाले, "म्हणजे बाई, आम्ही इकडे हिंदीचे शब्द घेऊन बसलो न तुमी तिकडे कन्नडाचे. आपल्या दोघायचं मिळून एक मराठी होईन का नाई?" मला हा प्रश्न अजून आठवतो.

चहा आला. दाजींना गोटमारीबद्दल विचारायचंच होतं, पेपरात वाचलं होतं त्यांनी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि एका काठानं पांढुर्णा, दुसऱ्या काठानं सावरगाव, दिवसभर एकमेकांवर दगड. माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. बंद करायचे प्रयत्न झाले, बंद होत नाही. मुलाच्या वडिलांनी मागची कथाही सांगितली. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत सापडले, आणि दोन्ही काठांवरून दगड आले. वर्षभर या दोन गावांत येणं-जाणं, सोयरिकी. एक दिवस दगड.

"त्या पोरांकडं फोन असता तर?" दाजी म्हणाले. सगळे हसले. भाची आणि तो मुलगा हसले नाहीत. ते दोघं पिंपळाच्या पलीकडं उभे होते आणि, मी बघितलं, बोलत नव्हते. तीन वर्षं जे बोटांनी बोलले त्यांना समोरासमोर, दोन्हीकडच्या मोठ्यांच्या देखत, एक शब्द सुचत नव्हता.

मग अक्कानं तो प्रश्न विचारला, जो ती तीन महिने पोटात घेऊन हिंडत होती. मुलाच्या आईकडं वळून तिनं विचारलं, "ताई, राग मानू नका. पण तीन वर्षं ही पोरं काय बोलत होती ओ?"

ती बाई जरा थांबली. म्हणाली, "आमाले पहिल्यांदा कळलं ते तुमचे साहेब दवाखान्यात होते तवा. पोरगा घरीच होता, लॉकडाऊनचा. रातभर फोन घेऊन बसे. मी रागावली, तं म्हणे, आई, तिच्या बाबाचं ऑक्सिजन चौऱ्यांशी झालं."

२०२१ चा मे महिना. दाजी १४ दिवस दवाखान्यात होते. अक्का घरात, स्वतः तापात. भाची पुण्यात अडकलेली. दवाखान्यातून रोज रात्री फोन यायचा तो माझ्याकडं, कारण घरातली शहाणी मी. आकडा मला सांगायचे. मी तो भाचीला सांगायची. आणि अक्काला? अक्काला मी आणि भाचीनं मिळून ठरवून '९५' सांगायचो. रोज ९५. तिला झेपणार नाही म्हणून. तो ८४ चा आकडा मला ठाऊक होता, भाचीला ठाऊक होता, आणि आठशे-हजार किलोमीटर लांबच्या एका बाईला ठाऊक होता, जिनं आम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

"मंग मी इथं बोलून गेली देवाले," ती म्हणाली. "म्हटलं, त्या पोरीच्या बाबाले घरी येऊ दे, त्याह्यले घेऊन तुझ्या पायाशी येईन. आज तो नवस फिटला. म्हणून इथं बोलावलं जी. तुमाले सांगणार नव्हती."

दाजी उठले आणि देवळाकडं तोंड करून नुसते उभे राहिले. मुलाचे वडील संत्री सोलत बसले, एकामागून एक, खाणारं कुणी नसताना.

मला अक्काकडं बघवेना. मला वाटलं ती त्या बाईच्या गळ्यात पडेल. तसं झालं नाही. ती माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाली, "मला ९५ सांगितलीस तू."

त्यानंतर ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. येतानाच्या सगळ्या प्रवासात, नागपूर ते बेळगाव, तिनं मधे पिशवी ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. भाचीशी मात्र बोलत होती. अबोला तिकडून उठून माझ्याकडं येऊन बसला होता.

त्या आठ दिवसांत मी पुन्हा शब्दकोश उघडले, दुसरं करणार काय? इंग्रजीत बोलण्याला दुसरा, भारदस्त शब्द आहे, कॉन्व्हर्सेशन. तो लॅटिनमधून आला आणि मूळ अर्थ आहे कुणाच्या तरी सोबत असणं, राहणं, वावरणं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बोलणं नव्हताच, वागणूक होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात तो त्याच अर्थानं आहे. इंग्लंडच्या कोर्टात तर १८५७ पर्यंत 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' नावाचा दावा चालायचा, दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवल्याबद्दल नवऱ्यानं लावलेला. म्हणजे चॅट हे पाखराचं तोंड, आणि कॉन्व्हर्सेशन हे माणसाचं चालणं-वागणं. मग त्या सौंसरच्या बागाईतदारांचा शब्द आठवला. बोलचाल. बोल आणि चाल. त्यांनी वापरला तोच शब्द बरोबर होता, आणि आम्ही त्यावर हसलो होतो. ती पोरं चॅटिंग करत नव्हती, त्यांची बोलचाल होती. भाचीकडं त्याला नाव नव्हतं म्हणून ती 'नुसतं चॅटिंग' म्हणाली.

दोष तिचा तरी कसा म्हणू? संगणकावरच्या लिहिण्याला चॅट हे नाव तिनं थोडंच दिलं. फिनलंडच्या एका तरुणानं १९८८ साली अशा लिहून बोलण्याची व्यवस्था तयार केली, तिच्या नावात चॅट होता. पुढं आपल्याकडं सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून याहूवर बसणारी पिढी आली. तिची आई कॅफेच्या दारात येऊन उभी राहायची. मग मोबाइल, मग २००९ नंतर व्हॉट्सअॅप. २०२२ च्या नोव्हेंबरपासून तर यंत्राशीच बोलायची सोय झाली आणि त्याच्याही नावात चॅट. माणूस रात्री दोनला 'बाबांचं काही खरं नाही' असं लिहितो, आणि त्या लिहिण्याला जगानं ठेवलेलं नाव पाखराच्या किलबिलीचं. आमच्या घराघरात मग 'चॅटिंग करत बसते' हे वाक्य शिवीसारखं वापरलं जातं. मीही वापरलंय, वर्गात, कितीदा तरी.

आमची आई एक कन्नड म्हण सांगायची, 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.' जेवायचं कसं ते कळतं त्याला रोग नाही, बोलायचं कसं ते कळतं त्याला भांडण नाही. मला लहानपणापासून वाटायचं की यातला बोलणारा म्हणजे गोड बोलणारा. म्हणून तर मी ९५ सांगितलं.

नवव्या दिवशी मीच अक्काकडं गेले. दारातच म्हटलं, "सुम्मने बंदे," सहज आले. तिनं पाट सरकवला. चहा झाला. दाजींचे त्या १४ दिवसांचे सगळे आकडे माझ्या एका जुन्या डायरीत होते. ती डायरी मी तिच्यापुढं ठेवली. तिनं चष्मा लावून पानं उलटली, बोट ठेवून एकेक आकडा वाचला. चौऱ्यांशीवर थांबली, तारीख बघितली. "त्या दिवशी मी ह्यांच्यासाठी सांडगे घालायला घेतले होते," म्हणाली. "घरी आल्यावर खातील म्हणून."

लग्न डिसेंबरात झालं, नागपुरात, दोन्हीकडच्यांना सोयीचं. पुरणपोळीही होती आणि आमच्या आग्रहानं कुंदाही.

परवा मी अक्काकडं गेले तर ती पायरीवर बसून फोनवर एकेक अक्षर शोधत होती. विहीणबाईंचा आणि तिचा रोजचा कार्यक्रम आहे, दुपारी दोनला. अक्का देवनागरीत कन्नड लिहिते, 'ऊटा आतेन्री?' तिकडून येतं, 'हाव, झालं. भाजी काय केली?' दोघींना एकमेकींचं पुरतं कळतं असं नाही, पण थांबत नाहीत. दाजींनी आतून विचारलं, "काय चॅटिंग चाललंय?"

अक्का मान वर न करता म्हणाली, "चॅटिंग न्हवं ओ. मातु-गीतु."